चाकात नायट्रोजन भरावा का?

पंपावर हल्ली जीपच्या चाकात नायट्रोजन भरा म्हणतात. त्याचे वेगळे पैसे पडतात. ते द्यावेत का?

आपली साधी हवा म्हणजे मुळातच ७८ टक्के नायट्रोजन! प्राणवायू रबरातून जरा लवकर झिरपतो, एवढाच काय तो फरक. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ मासिकाने २००७ मध्ये ३१ जातींच्या टायरांची वर्षभराची तपासणी पुरी केली. ३० पौंडांतून साधी हवा साडेतीन पौंड उतरली, नायट्रोजन २.२ पौंड. सव्वा पौंडासाठी वर्षभर पैसे मोजायचे?

नायट्रोजन उन्हात फुगत नाही, हेही खरे नव्हे. तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. विमानाच्या चाकात तो भरतात, पण आगीच्या भीतीने. आपली जीप काही उडत नाही.

बाभळीचा काटा घुसला की नायट्रोजनही जातोच. म्हणून महिन्यातून एकदा, सकाळी चाक थंड असताना गेज लावून हवा बघा, स्टेपनीचीसुद्धा. किती पौंड हवी ते गाडीच्या पुस्तकात असते. हवा कमी राहिली तर टायरच्या कडा झिजतात, डिझेलही जास्त लागते.

नायट्रोजन फुकट मिळाला तर खुशाल भरा. पुढे हवा कमी झाली तर पंक्चरवाल्याकडची साधी हवा त्यातच भरली तरी चालते.