वाचन आणि वय

चाळिशी हा शब्द मराठीत वयालाही लावतात आणि चष्म्यालाही. त्यास कारण आहे. वयाच्या चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास डोळ्यांतील भिंगाची लवचिकता उणावते, जवळची अक्षरे अंधूक होतात आणि पुस्तक हळूहळू हातभर दूर जाते. परंतु दृष्टीबरोबर वाचणाराही बदलत असतो.

बालपणी ‘पुढे काय झाले?’ हा एकच प्रश्न असतो. तारुण्यात वाचक पुस्तकात स्वतःला शोधतो. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तरुण वाचक यमूचे हाल वाचून रूढीवर संतापतो. तोच वाचक पुढे मुलीचा बाप होऊन ती पुन्हा उघडतो, तेव्हा वडीलधाऱ्यांचे वर्तन त्यास अधिक बोचते. कारण आता तो स्वतःच त्यांच्या जागी असतो.

वृद्धपणी अनुभव उदंड आणि डोळे दुबळे, अशी विपरीत स्थिती येते. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ग्रंथालयांची चळवळ आरंभिली, तेव्हा पेट्यांतून ग्रंथ खेड्यांतील वाचकांकडे जाऊ लागले. वाचकाला येता येत नसेल, तर ग्रंथाने जावे, हे तिचे सूत्र होते. घरातही तेच व्हावे. नातवंडाने रोज दोन पाने आजोबांना मोठ्याने वाचून दाखवावीत. त्याला गोष्ट मिळेल, आजोबांना आपली वाचनाची सोबत परत मिळेल. आणि पुस्तक मिटल्यावरही दोघांचे बोलणे चालू राहील.