तागडी, नग आणि आपला लौकिक
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



‘व्यापार आणि सचोटी’ या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विषय थोर आहे आणि आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. उभा जन्म प्राथमिक शाळेत मुलांस अंकगणित व शुद्धलेखन शिकविण्यात गेला. तेव्हा एवढा मोठा विषय पेलण्याचा आव न आणता आम्ही त्याचा एक लहानसा तुकडा घेणार आहो. तो म्हणजे मिठाईच्या दुकानातील सुटी विक्री. पेढा, बर्फी, लाडू, जिलबी हे जिन्नस गिऱ्हाइकास तोलून द्यावेत की मोजून द्यावेत, आणि कसेही दिले तरी ते देताना दुकानदाराच्या मनात काय असावे, एवढाच आजचा प्रश्न आहे. आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल तागडीवर पेटली आणि आमच्यासारख्यांची शाळेची फीदेखील त्याच तागडीने भरली. म्हणून हा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

प्रथम आपल्या जिल्ह्याकडे पाहू. आताचा अहिल्यानगर म्हणजे आपला जुना नगर जिल्हा हा साखरेचा जिल्हा आहे. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे सहकाराचे हे लोण महाराष्ट्रभर पसरले. ऊस पिकविणारा आपला शेतकरी ‘काटा’ या शब्दाला फार जपतो. उसाची गाडी वजनकाट्यावर चढली की त्याचा जीव खालीवर होतो. ‘काटा मारला’ या दोन शब्दांत तो आपला सारा संताप सांगतो. आता हाच शेतकरी उसाचे पैसे हाती आल्यावर मुलीच्या साखरपुड्यासाठी आपल्या दुकानात येऊन चार किलो पेढे मागतो. त्या वेळी त्याची नजर काट्यावरच खिळलेली असते, हे आपण विसरता कामा नये.

वजनाची चिंता आजची नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पौतवाध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला असून त्याने दर चार महिन्यांनी वजनेमापे तपासावीत असा दंडक आहे. इतक्या प्राचीन काळीही राज्यकर्त्यांस तागडीवर देखरेख ठेवावी लागली, याचा अर्थ तागडीवर बसणाऱ्याचा मोह तितकाच प्राचीन आहे. आपल्या आजोबांच्या काळी ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर, त्याचे सोळा छटाक आणि चाळीस शेरांचा मण असा हिशेब होता. परंतु गावोगावी कच्चा शेर निराळा असे आणि परगावच्या माणसाची त्यात हमखास फसगत होई. १९५६ साली वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून नवी वजने क्रमाक्रमाने आली आणि १९६२ च्या एप्रिलपासून किलोग्रॅम सक्तीचा झाला. पक्का शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. म्हणजे किलो त्याहून सदुसष्ट ग्रॅमनी मोठा आणि छटाक सुमारे अठ्ठावन्न ग्रॅमचा. आज सर्वत्र २००९ चा वैधमापन कायदा लागू आहे.

जुन्या पिढीचे शिक्षण कमी होते. तथापि हिशेब पक्का होता. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी ही कोष्टके त्यांस तोंडपाठ असत. त्यांची एक युक्ती सांगतो. जितक्या रुपयांस शेर, तितक्या आण्यांस छटाक. कारण शेराचे छटाक सोळा आणि रुपयाचे आणेही सोळाच. दोन रुपये शेराचा पेढा दोन आण्यांस छटाकभर मिळे. कागद नको की पेन्सिल नको. १९५७ साली दशमान नाणी आली. त्यानंतर आम्ही वर्गात मुलांस त्याच चालीवर नवी युक्ती शिकवीत असू. जितक्या रुपयांस किलो, तितक्या पैशांस दहा ग्रॅम. पेढा सहाशे रुपये किलो असेल तर दहा ग्रॅमचे सहाशे पैसे, अर्थात सहा रुपये झाले. ज्या मुलास हे कळले त्यास कोणी फसवू शकत नाही आणि त्याने दुसऱ्यास फसविण्याचेही कारण उरत नाही. आता यंत्राच्या काट्यावर भाव आणि रक्कम आपोआप उमटते. सोय झाली खरी, परंतु गिऱ्हाइकाने मनात हिशेब करावयाचे सोडले. तेव्हा दुकानदाराची जबाबदारी घटली नसून वाढली आहे.

आता तोलणे आणि मोजणे या दोन रीतींकडे वळू. कायद्याला वजन, माप आणि संख्या या तिन्ही रीती मान्य आहेत. लोकव्यवहारातही प्रत्येकीची जागा ठरलेली आहे. मढीला होळीपासून पाडव्यापर्यंत कानिफनाथांची यात्रा भरते. तेथे रेवडी प्रसादाची आणि ती तोलून घ्यावयाची. शिर्डीच्या बाजारातला पेढा तोलून मिळतो. जत्रेतील गोडीशेव आणि साखरफुटाणे पुडीत तोलले जातात. उलट पाडव्याच्या गाठी बाया हाराने मोजून मागतात, गुलाबजाम नगावर खपतो आणि शाळेतला मुलगा उत्तीर्ण झाला म्हणजे बाप म्हणतो, “वर्गात चाळीस मुले आहेत, चाळीस पेढे द्या.” त्या बापास वजनाशी कर्तव्य नसते. एकाही मुलाचा हात रिकामा राहू नये, एवढेच त्याच्या मनात असते.

दोन्ही रीती चांगल्या आहेत. परंतु प्रत्येकीच्या पोटात तिचा स्वतःचा मोह दडलेला आहे, आणि आमच्या व्याख्यानाचे सार याच ठिकाणी आहे. नगावर विकू लागले की नग हळूहळू लहान होतो. भाव तोच राहतो, लाडू मात्र दर दिवाळीस सुकत जातो आणि गिऱ्हाइकाच्या ते लवकर ध्यानात येत नाही. वजनावर विकू लागले की जे स्वस्त आणि जड, ते मिठाईत वाढू लागते. खवा महाग, साखर स्वस्त. म्हणून पेढ्यात साखर चढते. धाराशिव जिल्ह्यातील भूमकडचा उत्तम खवा आणून त्याच्या नावावर निम्मी साखर विकावी, हा त्या खव्याचाही अपमान होय. गुलाबजाम तोलून दिला तर पाकाचेही वजन भरते. सारांश, नगाचा मोह आकारात असतो आणि वजनाचा मोह जिनसात असतो. कायद्याचा निरीक्षक काटा तपासील, वजनावरचा शिक्का पाहील. परंतु पेढ्यात साखर किती हे कढईपाशी उभा असणारा जाणतो. तेथे आपल्या विवेकाखेरीज दुसरा पौतवाध्यक्ष नाही.

यापेक्षाही उघड गोष्ट म्हणजे खोका. हे बोलताना आम्हांस संकोच वाटतो, कारण समोर बसलेल्यांपैकी काहींची दुकाने आहेत. तरी शिक्षकाच्या हक्काने बोलतो. रंगीत पुठ्ठ्याचा खोका काट्यावर ठेवावयाचा, त्यात मिठाई भरावयाची आणि एकूण वजनाचे दाम घ्यावयाचे, ही रीत फार बोकाळली आहे. निव्वळ वजन म्हणजे वेष्टनाविना वजन. यात संदिग्ध असे काहीच नाही, आणि ‘सगळेच असे करतात’ ही सबब कायदाही मानीत नाही. समजा, खोका पन्नास ग्रॅमचा आहे आणि पेढा सहाशे रुपये किलो आहे. मग गिऱ्हाइकाने पुठ्ठ्याचे तीस रुपये दिले, तेही पेढ्याच्या भावाने. आपले वडील पारड्यात पान ठेवीत, तेव्हा समोरच्या पारड्यात तसेच पान पासंग म्हणून टाकीत. पासंगाचा उपयोग तागडी समतोल करण्याकरिता होता. तोच पासंग चोरून ठेवला तर लबाडीचे साधन होतो. आजच्या यंत्रात तर पासंगाची सोय एका कळीत आहे. रिकामा खोका ठेवून कळ दाबली की आकडा शून्यावर येतो. एवढ्या सोप्या कामास बोट उचलत नसेल, तर दोष यंत्राचा म्हणता येणार नाही.

आता लहान गिऱ्हाइकाविषयी. मागील वर्षी एका तालुक्याच्या गावी बाजारच्या दिवशी आम्ही एका दुकानी उभे होतो. एक म्हातारी बाई पुढे आली. तिने पदराची गाठ सोडली, वीस रुपये काढले आणि म्हणाली, “वीसचे पेढे दे बाळा, नातवाच्या नावानं देवापुढं ठेवायचेत.” गादीवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, “पाव किलोच्या खाली देत नाही, आजी.” बाई काही बोलली नाही. तिने पुन्हा पदरास गाठ मारली आणि ती पायऱ्या उतरून गेली. त्या मुलाने काही लबाडी केली नाही. वजनही कमी दिले नाही. तरीही त्या दिवशी त्या दुकानाचे फार मोठे नुकसान झाले, असे आमचे मत आहे. छटाकभर मिठाई मागण्याचा गरिबाचा हक्क ही आपल्या बाजाराची जुनी रीत आहे. श्रीमंताच्या घरी मिठाई खोक्यातून जाते, गरिबाच्या घरी ती पुडीतून जाते, आणि दोन्ही घरांत देव एकच असतो. सुटी विक्री टिकावी असे आम्ही म्हणतो ते प्रामुख्याने या बाईकरिता.

लहान नाण्यांचीही हीच कथा आहे. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैसे व त्याखालील नाणी चलनातून गेली. त्यानंतर सुट्या पैशांच्या ऐवजी हातावर गोळी ठेवण्याची चाल अधिकच फोफावली. गिऱ्हाइकाने गोळी मागितलेली नसते. मागितल्यावाचून विकलेला माल हा विक्रीचा प्रकार नव्हे. रुपया परत देता येत नसेल तर तो सोडून द्यावा. तो रुपया दुसऱ्या खेपेस गिऱ्हाइकाला घेऊन परत येतो.

आमचे काही तरुण मित्र म्हणतात, “गुरुजी, ही सुटी विक्री बंदच करावी. सगळा माल बंद पाकिटात भरावा. वजन छापलेले, भाव छापलेला, तारीख छापलेली. वादच नाही, आणि माशीही नाही.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. स्वच्छतेच्या बाबतीत आपण फार सैल राहिलो आहो. उघड्या परातीतील मिठाईवर धूळ बसते, कालचा माल आजच्या मालाखाली सरकविला जातो आणि ज्या हाताने पैसे घेतले त्याच हाताने बर्फी उचलली जाते. म्हणूनच १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या परातीवरही ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्यास योग्य आहे हे लिहिणे बंधनकारक झाले. हा नियम आपल्या विरुद्ध नसून आपल्या हिताचा आहे. पाकिटावरचा छाप दूरच्या अनोळखी कारखान्याकरिता हमी देतो. सुटी मिठाई विकणाऱ्याची हमी म्हणजे त्याचा स्वतःचा चेहरा होय. त्या चेहऱ्याच्या जोडीला तारखेची पाटी लागली तर आपले काय बिघडते? परंतु पाकिटांमुळे ती वीस रुपयांची बाई दुकानाबाहेर राहणार असेल, तर सगळा माल पाकिटात कोंडू नये. दोन्ही असावे. दूर जाणाऱ्यासाठी पाकीट असावे आणि दारात येणाऱ्यासाठी परात असावी.

केवळ उपदेश करून बसणे शिक्षकास शोभत नाही. गृहपाठही दिला पाहिजे. म्हणून पाच गोष्टी सुचवितो.

पहिली, खोका वेगळा तोलावा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आकडा शून्यावर आणावा.

दुसरी, काट्याचे तोंड गिऱ्हाइकाकडे असावे आणि यंत्राच्या काट्याची सरकारी पडताळणी दरवर्षी न चुकता करून घ्यावी.

तिसरी, जो जिन्नस नगावर विकावयाचा, त्या एका नगाचे साधारण वजन पाटीवर लिहावे. म्हणजे लाडू सुकला तर तो सर्वांस दिसेल.

चौथी, पन्नास ग्रॅमही आनंदाने द्यावे आणि पुडी बांधताना कपाळास आठी नसावी.

पाचवी, तारखेची पाटी रोज सकाळी स्वतः बदलावी. नोकरावर सोपवू नये.

या पाच गोष्टींनी नफा थोडा घटेल, हे आम्ही नाकारीत नाही. शंभर ठिकाणी खोका तोलून मिळणारा पैसा हा लहान पैसा नव्हे. परंतु दुकानदाराच्या धंद्यात भांडवल दोन प्रकारचे असते. एक पेटीत असते आणि दुसरे गावाच्या तोंडी असते. पेटीतले भांडवल बँकेकडून पुन्हा उभे करता येते. गावाच्या तोंडचे भांडवल एकदा गेले की तीन पिढ्या परत येत नाही. तुकोबाराय स्वतः वाण्याचा धंदा करीत. दुष्काळात त्यांचे दुकान बुडाले, परंतु तागडीला डाग लागला असे कोणी म्हणाले नाही. आपण संत नाही, संसारी माणसे आहो. तरी एवढे तर आपल्या हाती निश्चित आहे की, आपल्या समाजातील कोणाचे नाव दुकानाच्या पाटीवर वाचल्यावर परगावच्या माणसाने काट्याकडे न पाहता पुडी उचलावी.

तरुण मंडळींस आमची विनंती आहे की, हा धंदा हलका समजू नये. नोकरी करावी, परदेशी जावे, अवश्य जावे. परंतु जो मागे राहून वडिलांच्या गादीवर बसेल त्याने मान खाली घालून बसू नये. बारसे, साखरपुडा, उत्तीर्ण झाल्याचा दिवस आणि देवाचा नैवेद्य, लोकांच्या घरचा आनंद प्रथम त्याच्या हातून तोलला जातो. तो त्याने पुरता तोलावा.