थेरगाव ते चाकण: घड्याळावर कुठलं नेव्हिगेशन अ‍ॅप कामाचं?

कंपनीत इअरफोन लावता येत नाहीत किंवा ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, अशा सगळ्यांसाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहून देतोय. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं, म्हणजे" काढून टाकलेत.

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा आहे. "दादा, घड्याळावर रस्ता बघायला कुठलं अ‍ॅप भारी?" विचारणारे बहुतेक बाइकवाले. कुणी चाकणला शिफ्टला जातो, कुणी डिलिव्हरी करतो, कुणी नुकताच गावाकडून थेरगावात रूम घेऊन राहिलाय.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. घड्याळावर नकाशा किती सुंदर दिसतो याला फार अर्थ नाही. वळण यायच्या आधी मनगटाला ते नीट कळतं का, एवढंच बघायचं. आजची सगळी तुलना याच एका कसोटीवर.

मुळात घड्याळ कशाला?

फोन हँडलला लावला की झालं, असं म्हणाल. पण पावसाळ्यात फोन भिजतो, खड्ड्यात होल्डर सैल होतो, आणि इंजिनची थरथर सरळ फोनमध्ये जाते. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपलनं स्वतःच लिहून ठेवलं, की मोटरसायकलच्या जास्त ताकदीच्या इंजिनची थरथर आयफोनच्या कॅमेऱ्यातली फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडवू शकते. म्हणजे फोन खिशात ठेवायला एक सबळ कारण आहेच.

दुसरं कारण मोठं. ताशी ४० किलोमीटर वेगानं तुम्ही एका सेकंदात ११ मीटर पुढे जाता. दोन सेकंद फोनकडे बघितलं तर २२ मीटर डोळे मिटून चालवल्यासारखं. नाशिक हायवेवर ६० नं जात असाल तर ३३ मीटर. पुढच्या कंटेनरनं ब्रेक मारला तर तेवढं अंतर तुमच्याकडे असतं का?

कायदाही हेच सांगतो. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमात गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरायची मुभा आहे, आणि तीही लक्ष विचलित होणार नसेल तरच. घड्याळाचा फायदा इथेच आहे. न बघता कळतं. पण घड्याळावर नकाशा बघत बसलात, तर फोनपेक्षाही वाईट. स्क्रीन लहान, त्यामुळे नजर जास्त वेळ अडकते.

आधी आपलं घड्याळ ओळखा

अ‍ॅप निवडायच्या आधी हे बघा, कारण अर्धी निवड घड्याळानं आधीच केलेली असते.

पहिला प्रकार, वेअर ओएसची घड्याळं. सॅमसंगची नवी गॅलॅक्सी वॉच, पिक्सेल वॉच, वनप्लस वॉच २ वगैरे. यांत अ‍ॅप खरोखर टाकता येतं. दुसरा प्रकार, अ‍ॅपल वॉच, जे फक्त आयफोनबरोबर चालतं. तिसरा प्रकार, दोन-अडीच हजारांची घड्याळं, जी आपल्यातल्या बहुतेकांच्या हातात आहेत. त्यांत प्ले स्टोअर नसतं. फोन ब्लूटूथनं जे पाठवेल ते दाखवायचं, एवढंच काम. चौथा प्रकार गार्मिन, अमेझफिटसारखा, पळणाऱ्यांचा आणि ट्रेकवाल्यांचा.

आता तुलना

वेअर ओएस असेल तर गूगल मॅप्स. रस्ता फोनवर सुरू केला की सूचना घड्याळावर येतात आणि वळणाआधी घड्याळ थरथरतं. आपल्यासाठी मोठी गोष्ट म्हणजे टू-व्हीलर मोड. तो गूगलनं डिसेंबर २०१७ मध्ये भारतातच सुरू केला. म्हणून मार्ग फोनवर टू-व्हीलर निवडूनच सुरू करा आणि फोन खिशात टाका. फोनवर उतरवलेला ऑफलाइन नकाशा आता घड्याळावरही येतो. नेट गेलं तरी अगदीच आंधळं व्हायला होत नाही.

आयफोनवाल्यांसाठी अ‍ॅपलचं स्वतःचं मॅप्स. आजच्या कसोटीवर याचा एक गुण फार आवडण्यासारखा आहे. डावं आणि उजवं वेगळं कळतं. उजवीकडे वळायचं असेल तर आधी खालचा सूर मग वरचा, डावीकडे असेल तर उलट. दोन-चार दिवसांत हाताला सवय होते. कमतरता ही, की बाइकसाठी वेगळा मोड नाही. मार्ग मिळतो तो चारचाकीचा. हायवेला ठीक, पण थेरगावच्या गल्ल्यांतून निघताना तो लांबून फिरवू शकतो. ऑफलाइन नकाशे सप्टेंबर २०२३ मध्ये आले, पण ते आयफोनवर असतात. फोन चालू आणि जवळ हवा.

आता स्वस्त घड्याळं. इथे जाहिरात नीट वाचा. "नेव्हिगेशन" असं लिहिलेलं असलं तरी अर्थ वेगवेगळे असतात. बोटच्या काही मॉडेलांत मॅपमायइंडियाच्या नकाशावरचं वळणावळणाचं मार्गदर्शन दिलेलं आहे. मॅपमायइंडिया ही १९९५ पासूनची भारतीय नकाशा कंपनी, तिचंच मॅपल्स अ‍ॅप. अशा घड्याळात बाण आणि अंतर दिसतं, नकाशा नाही. आणि खरं सांगू? बाइकवर तेवढंच पुरतं. बाण, "२०० मीटर", आणि एक थरथर.

बाकीच्या स्वस्त घड्याळांत फक्त फोनच्या नोटिफिकेशन येतात. त्यासाठी प्ले स्टोअरवर मध्यस्थ अ‍ॅप मिळतात, जी नेव्हिगेशनची नोटिफिकेशन वाचून घड्याळाला पाठवतात. एक लक्षात ठेवा. नोटिफिकेशन वाचायची परवानगी दिली की बँकेचा ओटीपीही त्या अ‍ॅपला दिसू शकतो. कुठल्यातरी अनोळखी अ‍ॅपला ती परवानगी देऊ नका. त्यापेक्षा रस्ता पाठ करून निघा.

गार्मिन-अमेझफिटवाल्यांनो, तुमच्या बऱ्याच घड्याळांत आधी आखलेला मार्ग फाइल म्हणून टाकता येतो आणि मग रेषेवरून चालायचं. राजमाची, लोहगडला उत्तम. पण रस्त्यावरची कोंडी त्या रेषेला कळत नाही. शिफ्टच्या वेळेला चाकणसाठी उपयोग नाही.

डांगे चौकाची परीक्षा

कुठलंही अ‍ॅप घ्या, त्याची आपल्याकडची खरी परीक्षा डांगे चौकात होते. औंध-रावेत रस्त्याचा उड्डाणपूल वरून जातो, चिंचवड-हिंजवडी रस्त्याच्या अंगानं खालून ग्रेड सेपरेटर आहे, आणि मधे चौक. एकाच जागी तीन मजले. जीपीएसला तुम्ही आडव्या नकाशावर कुठे आहात ते चांगलं कळतं, उंची मात्र तेवढी अचूक कळत नाही. पुलावर आणि पुलाखाली ठिकाण तेच! त्यात खाली शिरलात की आकाश झाकलं जातं आणि उपग्रहाचा सिग्नल पडतो.

जुलै २०२४ मध्ये गूगलनं ४० भारतीय शहरांसाठी "उड्डाणपूल घ्या" अशी सूचना जाहीर केली. मॅपल्समध्ये मोठ्या चौकांचं चित्र दिसतं, कुठली लेन वर जाते ते कळतं. दोन्ही गोष्टी चांगल्या, पण त्यांचा खरा फायदा फोनच्या स्क्रीनवर. मनगटावरचा सरळ बाण "वरून सरळ" की "खालून सरळ" ते सांगत नाही.

म्हणून माझा नियम असा. निघण्याआधी घरातच, फोनच्या मोठ्या स्क्रीनवर, मार्गातले वर-खालचे निर्णय बघून ठेवायचे. थेरगावहून चाकणला साधारण दोन वाटा. एक निगडी-तळवड्याकडून देहू, येलवाडी करत तळेगाव-चाकण रस्त्याला लागायचं. दुसरी स्पाइन रस्त्यानं मोशी, मग नाशिक हायवेनं कुरुळीवरून. कुठली घ्यायची हे चाकणच्या तळेगाव चौकात आणि आंबेठाण चौकात किती कोंडी आहे त्यावर. तो निर्णय घरी घ्या. घड्याळाकडे फक्त आठवण करून द्यायचं काम ठेवा.

नकाशाला माहीत नसतं ते

हे एवढं का सांगतोय? जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री वाट चुकली. फोनवरच्या नकाशानं रस्ता दाखवला. त्या रस्त्यावरचा पूल धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. अंधारात गाडी पाण्यात शिरली. दोघं पोहून बाहेर आले, चालकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ तुटलेल्या पुलावरून गाडी खाली पडली आणि तिघं गेले. तिथेही नेव्हिगेशन चालूच होतं.

नकाशा कालचा असतो, रस्ता आजचा असतो. फोनवर निदान आजूबाजूची नदी, पूल, दुसरा रस्ता दिसतो. घड्याळावर फक्त बाण दिसतो. त्यामुळे बाणावर जितका विश्वास वाढतो, तितकी पुढे बघायची सवय कमी होते. घड्याळाचा खरा धोका हाच, आणि कुठल्याही अ‍ॅपमध्ये त्याची सेटिंग नाही. इंद्रायणी-पवनेला पूर असताना किंवा रात्रीच्या शिफ्टहून अनोळखी रस्त्यानं परतताना बाण एक सांगतोय आणि डोळ्यांना दुसरं दिसतंय, तर गाडी बाजूला घ्या. टपरीवर विचारा. लाज कसली?

थोडक्यात

वेअर ओएस असेल तर गूगल मॅप्स, टू-व्हीलर मोडमध्ये. अ‍ॅपल वॉच असेल तर हायवेला अ‍ॅपल मॅप्स. नवीन स्वस्त घड्याळ घेणार असाल तर दुकानातच फोन जोडून "वळणाआधी थरथरतं का" ते करून दाखवायला सांगा. नुसत्या नोटिफिकेशनवाल्या घड्याळासाठी वेगळे पैसे मोजू नका.

घड्याळ डाव्या हातात घाला, उजवा हात अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेकवर असतो. थरथर सगळ्यात जोराची ठेवा, नाहीतर इंजिनच्या थरथरीत ती हरवते. नेव्हिगेशन चालू असताना व्हॉट्सअ‍ॅपच्या नोटिफिकेशन घड्याळावर बंद ठेवा. नाहीतर ग्रुपवरचं "गुड मॉर्निंग" आणि "डावीकडे वळा" मनगटाला सारखंच वाटतं. पावसाळ्यात रेनकोटच्या बाहीखाली स्क्रीन झाकली गेली तरी बाही सरकवू नका, थरथर पोहोचते. आणि पहिल्या दिवशी माहितीच्याच रस्त्यावर, गणेशनगर ते चिंचवड, एक फेरी मारून बघा. वळणाच्या किती आधी कळतं ते समजेल.

तुमचं घड्याळ कुठलं आणि डांगे चौकात ते काय सांगतं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पण गाडी उभी करून हं! भेटू पुढच्या एपिसोडला. हेल्मेट घाला, सावकाश जा.