पुठ्ठ्याची घडी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



'काका, कारखान्यातल्या आठवणी सांगा' असा मला हुकूम झालाय. आपल्या पहिल्या सभासदांपैकी निम्मे कारखान्यातलेच. पी.एफ.मधून पैसे काढून आणि ओव्हरटाइम करून आपण हे फ्लॅट घेतले. म्हणून आज एक आठवण सांगतो. ती मी घरीसुद्धा फारशी सांगितलेली नाही.

१९७९ साली आयटीआय करून मी पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये लागलो. काम पत्रा कापायचं आणि दाबायचं. आवाज इतका, की शॉपमध्ये आम्ही खुणांनीच बोलायचो. घरी मोठ्यानं बोलायची सवय तिथलीच. ही अजून म्हणते, "अहो, आपण शॉपवर नाही आहोत!"

आमच्या एका प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली, तरच प्रेस खाली येणार. म्हणजे हात डायखाली राहूच शकत नाहीत. तेव्हा कारखाने अधिनियम १९४८ चा होता, धोक्याच्या यंत्राला संरक्षण हवं हे त्यात लिहिलेलंच होतं. पण दोन बटणांनी काम हळू होतं. तेव्हा इन्सेंटिव्ह नगावर मिळायचा, तोही सगळ्या ग्रुपला मिळून.

त्या प्रेसवर एक ऑपरेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. १९८६ ची दिवाळी जवळ आली होती. मामांनी पॅकिंगच्या पुठ्ठ्याची घडी करून एका बटणात खोचली. बटण दाबलेलंच राहिलं. आता एका हातानं प्रेस मारायचा, दुसऱ्या हातानं जॉब काढायचा. नग भराभर पडू लागले.

मी सेटर होतो. डाय लावायला रोज तिथं जायचो. घडी मी पाहिली. "मामा, जपून हं," एवढं म्हणालो आणि पुढे गेलो. चार्जहँडनंही पाहिलं होतं. सगळ्यांचंच 'चालतंय' होतं. तीन आठवडे खरंच चाललं.

सेकंड शिफ्टला, जेवणाच्या सुट्टीनंतर, मामांची दोन बोटं गेली. ते ओरडले नाहीत. खाली बसले आणि मला विचारलं, "जॉब खराब झाला का रे?"

साहेब यायच्या आत मी ती घडी काढली आणि खिशात घातली. चौकशीत आम्ही सगळ्यांनी 'हात घसरला' असं लिहून दिलं. खाली माझी सही आहे.

ई.एस.आय.चे पैसे मिळाले, नोकरीही राहिली. मामांना गेटवर टोकनच्या कामाला बसवलं. पुढे कित्येक वर्षं रोज सकाळी मी त्यांच्या हातून टोकन घेत होतो. खंडेनवमीला त्या प्रेसला पहिला हार मामाच घालायचे.

ते रिटायर झाले, त्या दिवशी धीर करून मी सगळं सांगितलं. मामा म्हणाले, "काढताना बघितलं होतं मी तुला. त्याचा राग नाही. पण लावलेली दिसली, तेव्हा का नाही काढलीस?"

मंडळी, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

आता गेल्या पावसाळ्याचं सांगतो. पंपाचा ईएलसीबी सारखा पडत होता. 'बायपास करून टाका, चालतंय' असं बरेच जण म्हणाले. मी ऐकलं नाही. दोन दिवस पाणी नव्हतं, टँकर मागवावा लागला. खडूस म्हातारा म्हणून माझं नाव झालं, ते माझ्याही कानावर आलं. शेवटी केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलेलं सापडलं. ईएलसीबी बिचारा त्याचं काम करत होता.

तेव्हा मी एवढा का अडून बसलो, ते तुम्हाला आज कळलं असेल.

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. वायरी जुन्या झाल्या, लिफ्ट जुनी झाली, आम्हीही झालो. यापुढे 'चालतंय' हा शब्द दर मीटिंगला ऐकू येईल. तरुण मंडळींना एकच विनंती. कुठं पुठ्ठ्याची घडी दिसली, तर 'जपून' म्हणून पुढे जाऊ नका. तिथंच थांबा, ती काढा. लोक चार दिवस रागावतील, मग जिन्यात भेटल्यावर पुन्हा बोलतील.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.