जुना बाजार आणि पुराव्याची नजर



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सकाळी वर्गात मराठी शिकवीत आणि संध्याकाळी मैदानावर उभे असत. या दोन्ही आवडींना स्पर्श करणारा विषय मी आज निवडला आहे. तो आहे अमेरिकेतील जुन्या बाजारांत चालणारा बेसबॉलच्या जुन्या वस्तूंचा शोध. मुलीकडे मॅसॅच्युसेट्स राज्यात मुक्कामाला असताना ब्रिमफील्डचा बाजार मी पाहिला. हस्तलिखितांच्या अभ्यासात ज्याचे उभे आयुष्य गेले, त्याला तेथे परके वाटण्याचे कारणच नव्हते.

अशा बाजाराला तिकडे 'फ्ली मार्केट', म्हणजे शब्दशः पिसवांचा बाजार, म्हणतात. ब्रिमफील्डचा बाजार १९५९ पासून भरतो; मे, जुलै आणि सप्टेंबर अशा तीन महिन्यांत, हमरस्त्याच्या दुतर्फा, मोकळ्या शेतांत. जाणते संग्राहक पहाटेच्या अंधारात विजेरी घेऊन हिंडतात. मोडक्या खुर्च्या आणि किटल्या यांच्या ढिगात चामड्याचा जुना हातमोजा, संघाचे पिवळे पडलेले छायाचित्र किंवा सिगारेटच्या पाकिटातले एखादे चित्रपत्र गवसते. पण गवसणे ही झाली पहिली पायरी. वस्तू खरी आहे काय, हा प्रश्न त्यानंतरचा. आणि खरी विद्या तेथे सुरू होते.

एक उदाहरण देतो. बेब रूथ हा बेसबॉलमधील सर्वांत ख्यातनाम खेळाडू. त्याच्या सहीचा म्हणून चेंडू विकावयास येतो. सहीचे वळण हुबेहूब असते. जाणकार मात्र सही बाजूला ठेवून चेंडू फिरवून पाहतो. त्या काळी लीगच्या अधिकृत चेंडूवर लीगच्या अध्यक्षाचे नाव छापलेले असे. तेथे वॉरेन जाइल्स हे नाव दिसले की निकाल लागला. जाइल्स हे नॅशनल लीगचे अध्यक्ष झाले १९५१ साली. रूथ निवर्तला १९४८ साली. मेलेला माणूस सही करीत नाही. प्राचीन म्हणविणाऱ्या पोथीत उत्तरकालीन शब्द आढळला म्हणजे आपण जो निष्कर्ष काढतो, तोच हा. पाठचिकित्सा काही विद्यापीठाच्या चार भिंतींत जन्मलेली नाही.

दुसरे उदाहरण चित्रपत्रांचे. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची चित्रपत्रे वाटली. त्यांतील होनस वॅग्नर या खेळाडूच्या पत्राची छपाई लवकरच थांबली, म्हणून ते अतिदुर्मिळ झाले. त्याच्या नकलाही पुष्कळ. भिंगातून पाहिल्यास अस्सल पत्रावरील नावाची अक्षरे सलग शाईची दिसतात, तर आधुनिक नकलेत ती ठिपक्यांची बनलेली असतात. यातील सर्वांत प्रसिद्ध प्रत २००७ साली अठ्ठावीस लाख डॉलरना विकली गेली, ती तिच्या धारदार कडांमुळे. पुढे २०१३ साली एका लिलाव-व्यावसायिकाने न्यायालयात कबुली दिली, की त्या कडा त्यानेच कापून सरळ केल्या होत्या. शंभर वर्षांच्या वापराची खूण हीच ज्या वस्तूची साक्ष, ती साक्षच पुसून तिची किंमत वाढविण्यात आली!

या किमतींच्या गदारोळात मला आदरणीय वाटतो तो जेफर्सन बर्डिक. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज शहरी एका कारखान्यात काम करणारा, संधिवाताने जखडलेला हा अविवाहित गृहस्थ. इतरांना कचरा वाटणारी छापील पत्रे त्याने जमविली. एवढेच नव्हे, तर त्यांचे वर्गीकरण केले आणि सूची सिद्ध केली. वॅग्नरच्या पत्रमालेला आज सारे जग 'टी-२०६' म्हणते, तो क्रमांक बर्डिकचा. तीन लाखांहून अधिक पत्रांचा हा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकला आणि वाकड्या बोटांनी ती पत्रे वह्यांत चिकटविण्याचे काम वर्षानुवर्षे केले. जानेवारी १९६३ मध्ये ते संपले. मार्चमध्ये तो गेला. संग्राहक आणि साठेबाज यांतील अंतर मला येथे दिसते. वस्तू कोणाची, केव्हाची, कोठली, हे जो लिहून ठेवतो, तो संग्राहक.

आता आपल्या बडोद्याकडे वळू. मार्च १९४७ मध्ये याच शहरात होळकर संघाविरुद्ध रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात विजय हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. हा विश्वविक्रम २००६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे, अबाधित होता. हे आकडे ग्रंथांत सुरक्षित आहेत. पण त्या पिढीची छायाचित्रे, तिकिटे, शालेय संघांच्या वह्या? त्या आपल्या माळ्यांवर आहेत, आणि घर पाडावयास काढले की रद्दीवाल्याकडे जातात. एकदा ढिगात पडलेल्या छायाचित्राला नाव परत देणारा पुरावा बहुधा उरत नाही. चेहरे ओळखणारी माणसे अजून आहेत. ती दर वर्षी कमी होत आहेत.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती अशी, की या दिवाळीच्या साफसफाईत असे एखादे छायाचित्र सापडले, तर ते घरातील वडीलधाऱ्यांसमोर ठेवावे, आणि मागे मऊ शिसपेन्सिलीने नावे, साल व स्थळ लिहून काढावे. मग ते घरी ठेवा की शाळेस द्या, तुमची मर्जी. गुरुवर्यांच्या स्मृतीला याहून उचित वंदन मला सुचत नाही.