पांढऱ्या चेंडूचा हिशेब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ सभासदांच्या ‘माझा छंद’ या सत्रात केलेले भाषण)



सचिवांनी मला आधीच बजावलं आहे, “काका, पंधरा मिनिटं बोला. विषय तुमच्या आवडीचा घ्या, फक्त मेंटेनन्स आणि थकबाकी नको.” अकरा वर्षं मी या सोसायटीचा खजिनदार होतो, त्यामुळे त्यांची भीती रास्त आहे. म्हणून आज मी गोल्फच्या चेंडूवर बोलणार आहे. हसू नका. बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा आणि गोल्फचा काय संबंध, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. मलाही वाटायचं. गोल्फ म्हणजे लष्करातले मोठे अधिकारी आणि कारखानदार यांचा खेळ, अशी माझी पक्की समजूत होती.

तीन वर्षांपूर्वी आमची ही गेली. तुम्ही सगळे तेव्हा होतात. त्यानंतर चिरंजीव मला सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला घेऊन गेला. मुलांकडे राहून आलेले इथे बरेच जण आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. मुलगा आणि सून सकाळी कामाला जातात, नात शाळेत जाते आणि आपण खिडकीतून पोस्टमन कधी येतो ते बघत बसतो. घरापासून दोन मैलांवर काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेचं, गोल्फचं मैदान होतं. ज्येष्ठांना सवलतीत प्रवेश. तिथं निवृत्त शिक्षक होते, पोस्टातले होते, एक प्लंबर होता. मी आधी नुसता चालायला जायचो. मग त्यातल्याच एकाने जुनी स्टिक हातात दिली आणि मी अडकलो.

चिरंजीवाने वाढदिवसाला एक डझन भारी चेंडू दिले. टायटलिस्ट कंपनीचे प्रो व्ही वन. मी किंमत विचारली. पंचावन्न डॉलर डझन! म्हणजे एक चेंडू साडेचार डॉलरहून थोडा जास्त, आपले चारशेच्या घरात. पहिल्याच तळ्यात तो बुडाला तर? मी तो खोका कपाटात ठेवून दिला आणि झुडपात सापडलेल्या जुन्या चेंडूंवर खेळत राहिलो. आपल्या पिढीची ही खोडच आहे. चांगला टॉवेल पाहुण्यांसाठी ठेवायचा आणि आपण विरलेल्याने अंग पुसायचं.

पण बँकेचा माणूस गप्प बसत नाही. पन्नास डॉलरचा आणि वीस डॉलरचा डझन यांत नेमका फरक काय, हे मी शोधायला लागलो. ते थोडक्यात सांगतो.

नियम असा आहे की चेंडूचं वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको. तो किती वेगाने सुटावा आणि किती लांब जावा, यावरही मर्यादा आहे. म्हणजे स्वस्त असो की महाग, चौकट सगळ्यांना एकच. जो काही खेळ करायचा तो आतल्या थरांत आणि वरच्या सालीत.

हे दोन चेंडू मी पुढच्या रांगेत देतो आहे, हातोहात मागे जाऊ द्या. दोन्ही मी हॅकसॉने मधोमध कापले आहेत. पहिल्यात दोनच थर दिसतील: मधला मोठा रबरी गोळा आणि वर जाडसर कडक साल. हा स्वस्तातला. ही साल आयोनोमर नावाच्या टणक प्लास्टिकची असते. दुसऱ्यात तीन थर आहेत: गोळा, त्यावर एक कडक आवरण आणि सगळ्यांत वर युरेथेनची पातळ, मऊ साल. हा प्रो व्ही वन. त्याचाच भाऊ प्रो व्ही वन एक्स, त्यात चार थर. टेलरमेडच्या टीपी फाइव्हमध्ये तर पाच.

आता अंगावरचे खड्डे बघा. बाळांनो, हे खड्डे शोभेसाठी नाहीत. पूर्वी स्कॉटलंडमध्ये चामड्याच्या पिशवीत पिसं ठासून चेंडू करायचे. १८४८ च्या सुमारास मलायातल्या झाडांच्या चिकापासून, गटापर्चापासून, गुळगुळीत चेंडू बनायला लागले. खेळाडूंच्या लक्षात आलं की नव्या कोऱ्या चेंडूपेक्षा मार खाऊन खरवडलेला जुना चेंडू चांगला उडतो. मग ते मुद्दाम हातोडीने ओरखडे पाडायला लागले. पुढे १९०५ मध्ये विल्यम टेलर या इंग्रज माणसाने खड्ड्यांच्या रचनेचं पेटंट घेतलं. खड्ड्यांमुळे हवा चेंडूच्या अंगाला जास्त वेळ चिकटून राहते, मागे ओढणारा जोर कमी होतो आणि गुळगुळीत चेंडूच्या जवळजवळ दुप्पट अंतर मिळतं. ज्येष्ठांनी यातून काय तो बोध घ्यावा, मी काही म्हणत नाही.

दुसरी गोष्ट फिरकीची. आपल्याला क्रिकेटमुळे आडवी फिरकी माहीत आहे. गोल्फच्या स्टिकचं तोंड तिरकं असल्यामुळे चेंडूला उलटी फिरकी मिळते. ती त्याला हवेत उचलून धरते आणि जमिनीवर पडल्यावर ब्रेक लावते. लांबच्या फटक्याला, ड्रायव्हरने मारताना, ही फिरकी मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांच्या आसपास असलेली बरी. जास्त झाली तर चेंडू नुसताच वर चढतो आणि अंतर गमावतो. फारच कमी झाली तर माझ्यासारख्या हळू मारणाऱ्याचा चेंडू लवकर खाली बसतो. जवळच्या फटक्याला मात्र भरपूर फिरकी हवी. चांगले खेळाडू वेज नावाच्या स्टिकने मिनिटाला नऊ-नऊ हजार फेऱ्या देतात.

एकाच चेंडूने दोन्ही कसं करायचं? कित्येक वर्षं हा पेच होता. रबराचा धागा गुंडाळलेले मऊ सालीचे चेंडू फिरकी छान घ्यायचे, पण अंतर कमी आणि चटकन फाटायचे. दोन थरांचे टणक चेंडू लांब जायचे, पण हिरवळीवर थांबायचे नाहीत. जिथे व्याज जास्त तिथे जोखीम जास्त, तसलाच प्रकार. उत्तर थरांत सापडलं. ड्रायव्हरचा फटका जोरात बसतो, पूर्ण चेंडू दबतो, तिथे आतला गोळा काम करतो. वेजचा फटका हलका असतो. तिथे फक्त वरची मऊ साल स्टिकच्या खाचा आणि आतलं कडक आवरण यांच्यामध्ये चिमटली जाते, म्हणून फिरकी मिळते. दोन खाती वेगळी ठेवली आणि हिशेब जुळला.

आणि हे कधी झालं? सन २००० मध्ये. त्या जूनमध्ये टायगर वुड्सने नव्या पद्धतीच्या भरीव, अनेक थरांच्या चेंडूने पेबल बीचची यूएस ओपन पंधरा फटक्यांच्या फरकाने जिंकली. ऑक्टोबरमध्ये लास व्हेगसच्या स्पर्धेत प्रो व्ही वन पहिल्यांदा उतरला आणि एकाच आठवड्यात चाळीसहून जास्त व्यावसायिकांनी तो हातात घेतला. त्याच वर्षी आपल्या सोसायटीची नोंदणी झाली. म्हणजे हा चेंडू आणि आपली इमारत एकाच वयाचे. गळती मात्र एकालाच आहे. (हे थकबाकीत येत नाही, सचिव!)

मग मी कपाटातला खोका काढला. संध्याकाळी मैदान रिकामं झालं की मागून कोणी येत नाही असं बघून चाचणी घ्यायचो. नात पावलं मोजायची, मी वहीत लिहायचो. भारी चेंडू आणि दोन थरांचा साधा चेंडू. ड्रायव्हरने दहा-दहा फटके. माझी मजल दीडशे वारांची. तोच वार बरं का, नऊवारीतला. दोन्ही चेंडूंत फरक पडला चार-पाच पावलांचा, तोही कधी इकडे, कधी तिकडे. माझ्या दोन फटक्यांत त्यापेक्षा जास्त फरक असायचा. मग तीस वारांवरून हिरवळीवर टाकून बघितले. साधा चेंडू पडल्यावर आठ-नऊ पावलं पळायचा. भारी चेंडू तीन-चार पावलांत थांबायचा. एकदा नाही, दहापैकी आठ वेळा.

म्हणजे पन्नास डॉलर मोजून माझ्यासारख्याला लांबी मिळत नाही, थांबणं मिळतं. आणि माझे निम्म्याहून जास्त फटके हिरवळीच्या आसपासच पडतात. प्लंबरने मला एक नियम सांगितला होता: चेंडू निवडताना सुरुवातीच्या फटक्यापासून विचार करू नकोस, भोकापासून मागे मोजत ये. शेवटी काय हवं ते आधी ठरव. ज्याचे चेंडू अजून फेरीला दोन-तीन बुडतात त्याने मात्र साधाच घ्यावा. हा माझा नि:शुल्क सल्ला.

आता जे सांगायचं की नाही यावर मी आठवडाभर विचार केला, ते सांगतो.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी चिरंजीव माझ्याबरोबर खेळायला आला. तो जोरात मारतो, माझ्यापेक्षा शंभर वार पुढे. निम्म्या वेळा झाडीत. एका होलवर त्याचा चेंडू तळ्यात गेला आणि आम्ही काठाला उभे होतो, तेव्हा तो पाण्याकडे बघतच म्हणाला, “बाबा, तुम्ही आता इथंच राहा. मी ग्रीन कार्डचे कागद करतो. पुण्यातला फ्लॅट विकून टाकू. रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो.”

मी त्याला दोन महिने याच विषयावरून टाळत होतो. त्याचं चुकत नव्हतं. आई गेली तेव्हा तो विमानात होता. हे त्याने मला कधी बोलून दाखवलं नव्हतं, त्या दिवशी दाखवलं.

मी म्हटलं, आठ दिवस दे. आणि त्याच वहीत, चेंडूंच्या आकड्यांच्या मागच्या पानावर, मी भोकापासून मागे मोजायला बसलो. शेवटी मला काय हवं आहे? मुलगा, नात जवळ हवेत, हे पहिलंच लिहिलं. मग आठवत गेलं. माझ्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे असते. मी सकाळी सात वाजता खाली दिसलो नाही तर कोण बेल वाजवतं. आणि ती जुलैमधली रात्र. वीज गेलेली, लिफ्ट बंद, आणि हिला श्वास घेता येत नव्हता. तुमच्यातल्या तिघांनी तिला खुर्चीत बसवून चौथ्या मजल्यावरून खाली आणलं. एक जण बॅटरी घेऊन पुढे, एका वहिनींनी तिचे पाय धरलेले. कोणालाही मी बोलावलं नव्हतं. दार उघडं दिसलं म्हणून आलात. दवाखान्यात तिला आणखी सहा दिवस मिळाले आणि चिरंजीव तिला डोळ्यांनी बघू शकला नाही तरी फोनवर बोलू शकला. त्याबद्दल मी तुमचे आभार आजवर मानले नव्हते. आज या व्यासपीठावरून मानतो.

आठ दिवसांनी मी त्याला ते पान वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं. त्याचा चेहरा उतरला, हे खोटं कशाला सांगू? पण त्याने कागद केले नाहीत. ठरलं ते असं: मे ते सप्टेंबर मी तिकडे, बाकी इथे. दर रविवारी रात्री त्याचा फोन येतो. पूर्वी आमचं बोलणं “जेवलात का, गोळी घेतली का” यावर संपायचं. आता तो सांगतो, “बाबा, आज ड्रायव्हर उजवीकडे जात होता.” मग अर्धा तास जातो. मधूनच तो आईविषयी काहीतरी विचारतो.

यात तोटा नाही असं नाही. नातीचा वाढदिवस जानेवारीत असतो, तो मला मिळत नाही. हिशेबात ती रक्कम नावेच पडते, ती जमेला दाखवता येणार नाही.

असो. पंधरा मिनिटं झाली, सचिव घड्याळ बघत आहेत. येताना मी तिकडच्या मैदानावर सापडलेले दोन डझन चेंडू आणले आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना शिकवायला तयार आहे, बादलीत टाकायचा सराव आपल्या मागच्या मोकळ्या जागेत करू. काच फुटली तर भरपाई माझ्याकडून, तसं लेखी देतो. आणि हो, ते कापलेले दोन चेंडू फिरून पुढे येऊ द्या. मला मोजून परत हवेत.