नाताळची आदली रात्र आणि आठ जणांचे जेवण



अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांची एक अडचण असते. दिवाळी येते आणि जाते, पण बहुतेकांना त्या दिवशी रजा नसते. सगळ्यांना एकदम मोकळीक मिळते ती डिसेंबरच्या शेवटी. नाताळपासून नववर्षापर्यंत शाळा बंद, कचेऱ्या अर्ध्या रिकाम्या. मग न्यू जर्सीतला मुलगा, टेक्ससमधली लेक आणि पुण्याहून गेलेले आईवडील यांची भेट याच आठवड्यात ठरते. नातवंडांना आवडेल आणि बर्फ नसेल अशी जागा शोधताना बोट बऱ्याचदा फ्लोरिडातल्या ऑरलँडोवर, म्हणजे वॉल्ट डिस्ने वर्ल्डवर येऊन थांबते.

विमान, हॉटेल, पार्कची तिकिटे यांचा खल सहा महिने चालतो. २४ डिसेंबरच्या रात्री सगळ्यांनी मिळून कुठे जेवायचे, हा प्रश्न मात्र त्या दिवशी दुपारी चार वाजता निघतो. आज मला या एका जेवणाबद्दलच बोलायचे आहे.

कुणी म्हणेल, जेवणाचे एवढे काय? तर आधी जागेचा अंदाज घ्या. डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. त्याचा विस्तार सुमारे शंभर चौरस किलोमीटर. त्यात चार मोठे पार्क. पहिला मॅजिक किंग्डम, मग १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये आज हॉलिवूड स्टुडिओज म्हणून ओळखला जाणारा पार्क आणि १९९८ मध्ये अॅनिमल किंग्डम. शिवाय वीसहून अधिक हॉटेले. एवढ्या पसाऱ्यात आठ माणसे सकाळी एकत्र निघतात आणि तासाभरात तीन ठिकाणी विखुरतात. मोठा नातू रोलर कोस्टरच्या रांगेत, धाकटी नात बाबागाडीत झोपलेली, आजोबा बाकावर पिशव्या सांभाळत बसलेले. ज्या भेटीसाठी एवढा खर्च केला, ती दिवसभरात घडतच नाही. ती घडू शकते फक्त रात्रीच्या जेवणाला.

त्यातही २४ तारखेची रात्र वेगळी. अनेक समाजांत नाताळपेक्षा नाताळच्या आदल्या रात्रीचे जेवण अधिक महत्त्वाचे मानतात. ऑरलँडोच्या परिसरात पोर्तो रिकोहून आलेल्यांची मोठी वस्ती आहे. त्यांच्याकडे या रात्रीला नोचेबुएना, म्हणजे 'चांगली रात्र' म्हणतात. त्या पानात भाजलेल्या डुकराच्या मांसाबरोबर चक्क तुरीच्या दाण्यांचा भात असतो. इटालियन वंशाच्या अमेरिकन घरांत माशांचे सात प्रकार करायची चाल आहे. पोलिश लोक टेबलावर एक ताट जास्तीचे मांडतात, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. आपल्यालाही हा भाव परका नाही. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री फराळाचे डबे भरलेले असतात, उटणे काढून ठेवलेले असते आणि घरात उद्याची चाहूल असते. सणाची खरी गोडी पुष्कळदा त्या आदल्या रात्रीतच असते.

आता हे जेवण ठरवायचे कसे? बहुतेक जण हॉटेलपासून सुरुवात करतात. माझे म्हणणे असे, की सुरुवात माणसांपासून करावी. आधी माणसे, मग वेळ, मग जागा आणि सर्वांत शेवटी पदार्थ.

माणसे म्हणजे आठांपैकी ज्यांना सर्वांत कमी झेपते ती दोन. तीन वर्षांची नात आणि सत्तरीतली आजी. या दोघींना जमेल ते बाकीच्या सहा जणांना जमतेच. नात सात वाजता पेंगते. आजींचे गुडघे संध्याकाळी बोलू लागतात, आणि त्यांना शाकाहारी हवे असते. तेव्हा वेळ आपोआप ठरली. संध्याकाळी पाच किंवा साडेपाच. आपल्याला हे चहाचे वाटेल, पण तिथे एवढ्या लवकर जेवायला बसणे नवलाचे नाही. लवकर जेवले तर नंतर बाहेर पडून दिवे पाहता येतात, आणि पुण्याला फोनही करता येतो. तिथे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात तेव्हा आपल्याकडे २५ तारखेची सकाळचे सात.

वेळेनंतर जागा. इथे दिनदर्शिका हाताशी हवी. डिस्नेच्या उपाहारगृहांत टेबल साठ दिवस आधीपासून राखता येते. म्हणजे २४ डिसेंबरसाठी २५ ऑक्टोबर. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या पहिल्या दिवसापासून साठ दिवस मोजून पुढच्या दहा दिवसांपर्यंतची टेबले एकदम राखता येतात. २१ तारखेला पोचणाऱ्याला म्हणून २२ ऑक्टोबरलाच संधी मिळते. ते दिवस आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या धामधुमीचे. पण आठ जणांचे टेबल हवे असेल तर त्याच सकाळी संगणकासमोर बसावे. नाहीच मिळाले तर चार-चारांची दोन टेबले शेजारी मागावीत. दिवस जवळ येतील तशा काही जागा रद्द होत जातात, म्हणून अधूनमधून पाहत राहावे.

जागा निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नाताळचा आठवडा हा तिथला सर्वांत गर्दीचा. रात्री पार्कमधून बाहेर पडणे हेच एक काम होऊन बसते. उलट हॉटेलांतल्या उपाहारगृहांत जायला पार्कचे तिकीट लागत नाही. दुपारी दोनला परतावे, आजी आणि नात यांनी झोप काढावी आणि संध्याकाळी ताज्या अंगाने जेवायला जावे. मात्र एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात जायला बहुधा थेट बस नसते. मध्ये बदलावी लागते आणि तासभर सहज जातो. त्या संध्याकाळी टॅक्सीचे पैसे वाचवू नयेत.

उदाहरण म्हणून एक ठिकाण सांगतो. अॅनिमल किंग्डम लॉज या हॉटेलाच्या आवारात 'सना' नावाचे उपाहारगृह आहे. मोठ्या काचांबाहेर कुरणात जिराफ आणि झेब्रे चरत असतात. आफ्रिकी स्वयंपाकाला भारतीय मसाल्यांची जोड दिलेली, आणि प्रसिद्ध पदार्थ म्हणजे तऱ्हेतऱ्हेचे नान, सोबत चटण्या नि लोणची. आफ्रिकेच्या हॉटेलात नान कुठून आला, असे नातू विचारील. तेव्हा आजोबांना बोलायला विषय मिळतो. पूर्व आफ्रिकेचा किनारा आणि आपला पश्चिम किनारा यांच्यात शतकानुशतके गलबते ये-जा करीत होती. स्वाहिली भाषेत चपातीला चपातीच म्हणतात आणि विम्याला 'बिमा'. फक्त एक, डिसेंबरअखेरीस ऑरलँडोत सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. जिराफ पाहायचे तर चारनंतर लगेच टेबल घ्यायला हवे.

दुसरा पर्याय एपकॉटचा. तिथे एका तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत. भारत त्यांत नाही, पण मेक्सिको, इटली, जपान, मोरोक्को आहेत. याच पार्कात नाताळच्या दिवसांत मोठा वाद्यवृंद आणि गायकवृंद यांच्या साथीने येशूजन्माची कथा वाचली जाते. हा कार्यक्रम १९५८ साली कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये सुरू झाला आणि १९९४ पासून एपकॉटमध्ये होऊ लागला. ठरावीक उपाहारगृहांत जेवणाबरोबर त्याची आसनेही राखून मिळतात. वसई किंवा गोव्याकडचे ख्रिस्ती कुटुंब असेल तर त्यांना खुद्द मिस्सा चुकवायची नसते. डिस्नेपासून जवळच, मुख्यत्वे पर्यटकांसाठी उभारलेले मेरीमातेचे मोठे चर्च आहे. त्याला २००९ मध्ये बॅसिलिकाचा दर्जा मिळाला. तेव्हा जेवण मिस्साच्या आधी की नंतर, हे पहिल्यांदा ठरवावे.

खर्चाचाही हिशेब आधी करावा. चांगल्या बुफेला मोठ्या माणसामागे साठ डॉलरच्या आसपास पडतात. दहाव्या वर्षापासून मुलाचे मोठ्या माणसाएवढे पैसे लागतात. सहा किंवा अधिक जण असले की अठरा टक्के बक्षिसी बिलातच धरली जाते, वर साडेसहा टक्के विक्रीकर. चारशे डॉलरचे बिल अशा रीतीने ४९८ वर जाते. ही रक्कम कोण देणार, हे टेबलावर ठरवू नये. मुलगा आणि जावई यांच्यात पाकिटासाठी ओढाताण सुरू झाली, की आजोबांना घास गोड लागत नाही.

पदार्थ शेवटी म्हटले, पण त्यात एक पथ्य आहे. टेबल राखतानाच शाकाहाराची नोंद करावी आणि वाढणाऱ्यालाही सांगावे. तिथे 'व्हेजिटेरियन' पदार्थात अंडे चालते. सूप कोंबडीच्या रश्श्याचे असू शकते, गोडात जिलेटिन असू शकते. एकेक नाव घेऊन विचारावे. आपल्या आईला नुसते सॅलड चिवडत बसवणे, हा काही पाहुणचार नव्हे.

तिसरा पर्याय घरच्या जेवणाचा. शेजारच्या किसिमी भागात स्वयंपाकघरासह अख्खे घर भाड्याने मिळते. आठ जणांना ते स्वस्त पडते, वेळेचे बंधन नाही, आजींना हवे ते होते. पण इथेच एक मेख आहे. स्वयंपाकघर मिळाले, की सुनेची किंवा लेकीची सुट्टी त्याच्या दारात संपते. 'तुझ्या हातची पुरणपोळी होऊन जाऊ दे' हे वाक्य प्रेमाचे खरे, पण ते ऐकणारी बाई दिवसभर सात-आठ मैल चाललेली असते. तेव्हा घरीच जेवायचे तर साधे करावे. मसालेभात, कढी, पापड. भाज्या ऑरलँडोतल्या भारतीय उपाहारगृहातून आणाव्यात. चिवडा आणि लाडू न्यू जर्सीहून येताना डब्यात आणावेत. चिराचिरी मुलाने, भांडी जावयाने आणि टेबल नातवंडांनी, अशी वाटणी आधीच सांगून टाकावी. वाणसामान २३ तारखेलाच आणावे, कारण नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिथली बरीच मोठी दुकाने लवकर बंद होतात आणि नाताळला उघडतच नाहीत.

आणि समजा, काहीच जमले नाही? टेबल मिळाले नाही, घरही नाही. तरी बिघडत नाही. पार्कमध्ये आपले खाणे नेऊ देतात. गरम करावे लागेल असे नको, उग्र वासाचे नको आणि काचेच्या भांड्यात नको, एवढीच अट. लोणच्याची बरणी दारात अडेल, पण दशम्या आणि लाडू आत जातील. एक कोपरा गाठावा, वेळ सर्वांना सकाळीच सांगावी आणि त्या वेळी आठही जणांनी यावे.

कारण मुद्दा तोच आहे. पुण्याहून ऑरलँडोचा प्रवास आजी-आजोबांना आणखी किती वेळा झेपेल, हे कुणी मोठ्याने बोलत नाही, पण माहीत सगळ्यांना असते. पाळणे पुढच्या वर्षीही फिरतील. तेव्हा यंदा २४ डिसेंबरचा तो एक तास सर्वांत आधी राखून ठेवा आणि उरलेली सहल त्याच्याभोवती बसवा.